हसनाबाद, तीस अंश दक्षिण

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या शिवारात विहीर खोदायला घेतली की दगडाशी गाठ लवकर पडते. वर काळी माती, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर. तिच्याखाली मुरूम. मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. तो संपता संपता कधी विटकरी लाल मातीचा पट्टा लागतो, त्याच्याखाली भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा जरा मऊ दगड येतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या पोकळ्यांत कधी चकाकत्या गारगोट्या मिळतात. आणखी खाली गेलं की पुन्हा काळा पाषाण.

विहिरीची ही भिंत म्हणजे सगळ्या दख्खनचा नमुना आहे. तापलेला लाव्हारस जमिनीवर पसरला, की त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात; म्हणून थराचा माथा भोकाभोकांचा आणि तळ घट्ट राहतो. पुढचा लोट येईपर्यंत मधे बराच काळ गेला, तर माथ्याची झीज होऊन माती तयार होते आणि नव्या लाव्ह्याखाली ती भाजून लाल पडते. लाल पट्टा दिसला की समजायचं, इथे ज्वालामुखी काही काळ थंडावला होता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे मोठे तुकडे धरून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आजही असे थर पसरलेले आहेत. अजिंठ्याची लेणी यातच कोरली, वेरूळचं कैलासही यातच. शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर याच दगडात आहे, पण तो खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीने केला. त्याचा दोष ज्वालामुखीला देऊ नये.

पृथ्वीवरची जमीन जागची हलते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती मान्य करायला लावणारे जे पहिले पुरावे पुढे आले, त्यांत आपला हा काळा दगड होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या कर्नल विल्यम साइक्सने १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी केली आणि १८३३ साली इथल्या खडकांचं वर्णन छापलं. आडव्या थरांवर आडवे थर, डोंगरामागून डोंगर तेच, हे त्याला स्पष्ट दिसलं होतं. हा लाव्हा आहे, एवढं त्या काळच्या भूशास्त्रज्ञांना कळत होतं. मग त्याचा ज्वालामुखी कुठे आहे? चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा, टोकावर धूर काढणारा डोंगर सह्याद्रीत नाही, अजिंठ्याच्या रांगेतही नाही. याचं उत्तर असं, की हा लाव्हा एका तोंडातून उसळला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पाण्याच्या लोटासारखा वाहत दूरवर पसरला. पण अशा भेगा इथेच आणि तेव्हाच का पडल्या, हे सांगायला आणखी सव्वाशेहून जास्त वर्षं जावी लागली.

दरम्यान जर्मनीत आल्फ्रेड वेगनर नावाचा माणूस एक विचित्र गोष्ट सांगू लागला होता. तो हवामानशास्त्रज्ञ होता, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या लेखी परका. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टला दिलेल्या व्याख्यानात त्याने मांडलं, की सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर फाकत गेले. १९१५ साली त्याचं पुस्तक आलं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, हा पुरावा सर्वांना ठाऊक असतो. मला त्याहून पटतो तो एका पानाचा पुरावा. चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा ज्या झाडांपासून तयार झाला, त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाची एक वनस्पती होती, जिभेच्या आकाराच्या पानांची. तिचे ठसे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मरण पावले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड सापडले. उपासमारीतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत हेच पान होतं! बर्फाचा अंटार्क्टिका आणि उन्हाने भाजणारं चंद्रपूर एकेकाळी एकाच जंगलाचे भाग असल्याखेरीज हे कसं जमायचं? एदुआर्द स्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ सालीच या दक्षिणेकडच्या जुन्या भूमीला आपल्या गोंडवनावरून गोंडवाना हे नाव दिलं होतं.

तरी वेगनरला हसण्यावारी नेलं गेलं. कारणही होतं. एवढे खंड ढकलणारं बळ कोणतं, हे त्याला सांगता आलं नाही. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला, तेव्हा त्याची कल्पना जवळजवळ बाजूला पडलेली होती. ब्रिटनच्या आर्थर होम्सने त्याच सुमारास पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचं उत्तर सुचवलं, ते पुढे येईलच. पण तेव्हा त्याचंही फारसं कुणी ऐकलं नाही.

आता १९५१ सालच्या केंब्रिजमध्ये येऊ. टेड अर्व्हिंग नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी स्कॉटलंडच्या जुन्या वालुकाश्मांतलं चुंबकत्व मोजत होता. दगडात चुंबकत्व असतं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. लाव्ह्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवत जाऊन तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं, की हे कण त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा धरून ठेवतात. दगड कोटी वर्षं तसाच राहिला, तर दिशाही तशीच राहते.

यात दोन गोष्टी नोंदल्या जातात. एक, उत्तर कोणीकडे होती. दुसरी त्याहून कामाची आहे. टांगलेली चुंबकसूची नुसती उत्तर-दक्षिण वळत नाही, ती खाली-वर कलतेही. विषुववृत्तावर ती जवळजवळ आडवी राहते, ध्रुवावर सरळ उभी होते आणि मधल्या ठिकाणी अक्षांशाप्रमाणे कमी-जास्त कलते. म्हणजे दगडातला कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर निवला ते काढता येतं. लाव्हा आपला जन्माचा अक्षांश पोटात घेऊन बसलेला असतो.

अर्व्हिंगच्या डोक्यात आलं, की वेगनर खरा असेल तर सगळ्यांत लांब प्रवास भारताने केला असला पाहिजे. म्हणून तपासायचं तर भारताचा दगड तपासावा. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तेव्हा केंब्रिजला होते. त्यांनी त्याला उत्तेजन दिलं. दख्खनचे मोजकेच नमुने केंब्रिजला मागवले गेले. मोजमापातून दिसलं, की लाव्हा निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. शिवाय नंतर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने थोडा वळलाही होता. हे सगळं अर्व्हिंगने १९५४ साली प्रबंधात मांडलं, आणि केंब्रिजने त्याला पीएच. डी. नाकारली. विषय इतका नवा होता, की परीक्षकांना त्याचं मोल कळलं नाही. तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. १९६५ साली त्याच विद्यापीठाने त्याला त्याहून वरची पदवी दिली. बऱ्याच उशिरा सुचलेलं शहाणपण, एवढंच म्हणता येईल.

लंडनमध्ये दुसरी मंडळी याच दगडाकडे वळली होती, आणि त्यांची वाट तर फारच वाकडी होती. पॅट्रिक ब्लॅकेट हे १९४८चे नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ. फिरणारी कोणतीही जड वस्तू चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंहून जास्त सोनं उसनं घेतलं, त्याचा दंडगोल केला आणि अतिशय क्षीण चुंबकत्व मोजणारं यंत्र बनवलं. तर्क खोटा ठरला. सोनं परत गेलं. यंत्र मात्र राहिलं, आणि दगडांतलं दुबळं चुंबकत्व मोजायला ते उत्तम होतं. ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या तिघांनी भारतातल्या दगडांवरचा निबंध १९५६ साली छापला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम सुरू झालं. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या लाव्ह्यावर आणि झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांच्या लाव्ह्यावर मोजमापं केली, ती १९५८-५९ साली प्रसिद्ध झाली.

आकडे काय सांगत होते? दख्खनच्या दगडातला कल पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास निघतो. गणित केलं की अक्षांश येतो सुमारे २७ ते ३० अंश दक्षिण. हसनाबाद आज साधारण २० अंश उत्तरेला आहे. म्हणजे गावच्या विहिरीतला तो काळा पाषाण जिथे निवला, तिथून विहीर आता पाच हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला आलेली आहे. आणि राजमहालचा लाव्हा? तो दख्खनपेक्षा जुना, जवळजवळ १२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला कल आणखी तीव्र, म्हणजे तो आणखी दक्षिणेला निवलेला. जितका दगड जुना, तितका जन्म दक्षिणेकडे. योगायोगाने असं घडत नाही.

सह्याद्रीच्या थरांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. खालच्या थरांतलं चुंबकत्व उलटं, वरच्या थरांतलं सुलटं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं आणि दख्खन तयार होत असताना ते उलटलं होतं. हे ध्यानात ठेवा, समुद्रात उपयोगी पडेल.

शंका घेणारे अजून गप्प बसले नव्हते. खंड जागेवरच असतील आणि ध्रुवच भटकले असतील, असं ते म्हणत. पण मग युरोपच्या दगडांतून ध्रुवाची जी वाट निघते तीच भारताच्या दगडांतूनही निघायला हवी. दोन्ही वाटा जुळत नव्हत्या. तरीही अनेकांना दगडातल्या सूक्ष्म चुंबकत्वावर भरवसा ठेवणं जड जात होतं, आणि मला वाटतं, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही चटकन ठेवला नसता.

निकाल लागला तो आपल्याच अरबी समुद्राच्या दक्षिणेकडे. तिथे समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिच्यावरचं चुंबकत्व मोजलं. तळावर सुलट्या आणि उलट्या चुंबकत्वाचे पट्टे होते. मॅथ्यूज यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने त्याचा अर्थ लावला: रांगेच्या मधोमध भेग आहे, तिच्यातून शिलारस वर येतो, निवतो, दोन्ही बाजूंना सरकतो आणि निवताना त्या वेळचं उलटं-सुलटं चुंबकत्व धरून ठेवतो. समुद्राचा तळ नव्याने तयार होतोय! सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांचा निबंध ‘नेचर’ या साप्ताहिकात आला. सह्याद्रीत जे थर एकावर एक रचले होते, तेच समुद्रात शेजारी शेजारी मांडलेले होते.

आता सगळे तुकडे जोडून हसनाबादची कथा सांगता येते. पृथ्वीचा वरचा थंड, कठीण भाग मोठ्या तुकड्यांत फुटलेला आहे. हे भूपट्ट. जमीन एकटी सरकत नाही; तिला चिकटलेला समुद्राचा तळही बरोबर सरकतो. त्याच्याखालच्या प्रावरण नावाच्या थरातला दगड घनच असतो, पण प्रचंड उष्णतेमुळे कोट्यवधी वर्षांत तो अगदी हळू वाहतो. होम्सने सुचवलेलं बळ ते हेच. त्यात एक भर नंतर पडली: समुद्राचा जुना तळ थंड होऊन जड होतो, शेजारच्या पट्टाखाली बुडतो आणि बुडताना आपल्या मागच्या पट्टाला ओढत नेतो. भूपट्टांना चालवणाऱ्या बळांत ही ओढ सगळ्यांत मोठी मानली जाते.

भारत गोंडवानातून सुटला तो सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी. मादागास्कर त्याला चिकटून होतं, ते सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मागे राहिलं. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाखाली बुडत होता. त्या ओढीने भारत उत्तरेकडे निघाला. एका टप्प्यात त्याची गती वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या पुढे गेली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण शंभर वर्षांत पंधरा मीटर, दहा लाख वर्षांत दीडशे किलोमीटर होतात. आजचे बहुतेक खंड याच्या निम्म्याही गतीने सरकत नाहीत.

या वाटेत खोल प्रावरणातून वर येणारा एक तप्त झोत लागला. झोत जागेवर, पट्ट त्याच्यावरून सरकणारा. दिव्याच्या ज्योतीवरून कागद हळूहळू ओढावा आणि त्यावर डागांची ओळ उमटावी, तसं झालं. पहिला आणि सगळ्यांत मोठा डाग म्हणजे दख्खन, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला बराचसा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली, पूर्वेकडे ती कमी होत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला ज्यांची हाडं मिळतात, त्या अजस्र डायनोसॉरांचा काळही याच सुमारास संपला. त्यांच्या अंतात मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्यानंतर थोड्याच काळात भारताच्या पश्चिम कडेचा एक लचका तुटून मागे राहिला. ती सेशेल्स बेटं. पट्ट पुढे सरकत राहिला आणि झोताने मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग मॉरिशस अशी रांग मांडली. आता तो रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेली मराठी माणसं उसाच्या शेतांतून काळे दगड उपसत होती. तो दगड सह्याद्रीच्या दगडाचा धाकटा भाऊ होता, हे त्यांना कुणी सांगितलं असण्याची शक्यता नाही.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपला आणि भारत आशियाला भिडला. खंडाचा दगड हलका, तो तळासारखा सहज बुडत नाही. गती मंदावली, मधला गाळ चुरगळून वर उचलला गेला, हिमालय उभा राहिला. देवघरातला शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीतून येतो. त्याच्या पोटातलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचा शंख. टेथिसचा रहिवासी आपल्या घरात तुळशीपत्र डोक्यावर घेऊन बसलेला आहे.

१९६७ साली हे सगळं एका नियमात बसवण्याचं काम चाललं होतं. मॅकेन्झी आणि पार्कर यांचा भूपट्टांच्या हालचालीचं गणित मांडणारा निबंध ‘नेचर’मध्ये ३० डिसेंबर १९६७ला आला. त्याआधी एकोणीस दिवस, ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. दख्खनचं पठार भूपट्टाच्या कडेपासून लांब आहे, जुनं आहे, स्थिर आहे, असा विश्वास तोवर होता. कोयनेच्या बाबतीत तिथल्या धरणाच्या जलाशयाच्या पाण्याने खालच्या जुन्या भेगांना धक्का दिला, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात.

पुढे किल्लारीला भूकंप झाला, तिथे तर असं मोठं धरणही नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अंगावर कोसळल्या आणि लातूर-धाराशिव भागात सुमारे दहा हजार माणसं मेली. हसनाबादपासून हे सगळं दोन-अडीचशे किलोमीटरवर घडलं. भारत अजूनही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालय त्याला अडवतो आहे. त्या रेट्याचा ताण सगळ्या पट्टाच्या अंगातून फिरतो आणि जिथे खोलवर जुनी भेग दुबळी असेल तिथे मोकळा होतो. अशा भेगा लाव्ह्याच्या थरांखाली झाकलेल्या असल्याने वरून दिसत नाहीत. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडून पाहिलं, तेव्हा लाव्हा ३३८ मीटरवर संपला. त्याच्याखाली थोडा जुना गाळ होता आणि मग अतिप्राचीन खडक.

कोयनेला त्याहून खोल जायचं ठरलं. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा उभारली, आणि २०१७ साली तिथल्या डोंगराळ भागात तीन किलोमीटर खोल पहिलं भोक पूर्ण झालं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड, त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. भेग जिथे सरकते तिथलं तापमान, तिथलं पाणी, तिथला ताण मोजायचा, हा त्यामागचा उद्देश आहे.